हरभऱ्यात उत्पादनासाठी निवड: पहिल्या हंगामात काय करायचे, कसे करायचे

कृषी पदव्युत्तर अभ्यासक्रमात वनस्पती प्रजनन हा विषय घेतला की रब्बीत पुष्कळांच्या वाट्याला हरभरा येतो. थिसिसचे नावही साधारण ठरलेले: आनुवंशिक परिवर्तनशीलता, सहसंबंध, पाथ विश्लेषण. तीस-चाळीस वाण पेरायचे, दहा-बारा गुणधर्म मोजायचे, आकडे संगणकात भरायचे आणि कोष्टके छापायची. एवढे करूनही ‘मग पुढच्या वर्षी कशाचा कशाशी संकर करणार?’ असे तोंडी परीक्षेत विचारले की बरेच जण कोष्टकाकडे पाहत बसतात. खालील टिपणे त्यांच्यासाठी, आणि बीजोत्पादक गटात किंवा बियाणे कंपनीत नव्याने कामाला लागलेल्यांसाठीही आहेत.

आधीच एक सांगतो. हरभऱ्यात धान्य उत्पादन हा सरळ हाती लागणारा गुणधर्म नाही. जमीन, ओल, थंडी, घाटेअळी, मर रोग, मजुराने कसे उपटले, या सगळ्याचा हिशेब त्या एका आकड्यात मिसळलेला असतो. म्हणून उत्पादन वाढवायचे तर त्याच्या आधीच्या गोष्टींवर नजर ठेवावी लागते. आपल्याकडच्या कोरडवाहू शेतीत त्यातली पहिली गोष्ट आहे वेळ.

१. वाण कुठल्या शेतासाठी हवा ते आधी ठरवा

महाराष्ट्रातला बराचसा हरभरा पावसाळ्यात जमिनीत साठलेल्या ओलीवर येतो. कोरडवाहू पेरणी सप्टेंबरच्या शेवटी ते ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, बागायती त्यानंतर, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. फुले आणि घाटे धरेपर्यंत वरच्या थरातली ओल गेलेली असते, आणि फेब्रुवारी लागला की ऊन तापू लागते. फुलोऱ्याच्या वेळी तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले तर परागकण निकामी होऊन फुले गळतात. उत्तर भारतात अडचण उलटी असते: सरासरी तापमान १५ अंशांखाली असेपर्यंत फुले लागतात, पण घाटा धरत नाही.

त्यामुळे लुधियानात उत्तम ठरलेला वाण बदनापुरात उत्तम ठरेलच असे नाही. हलकी-मध्यम जमीन आणि कोरडवाहू असेल तर लवकर फुलणारा वाण हवा. भारी जमिनीत एक-दोन पाणी देता येत असेल तर आठ-दहा दिवस उशिराचा चालतो, कधी जास्तही देतो. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेचा आयसीसीव्ही २ हा काबुली वाण ८५ ते ९० दिवसांत निघतो. दक्षिण आणि मध्य भारतात काबुली हरभरा येऊ लागला त्यात या लवकरपणाचा वाटा मोठा आहे. राहुरी कृषी विद्यापीठाच्या विजय आणि दिग्विजय या वाणांची पकड शेतकऱ्यांमध्ये इतकी वर्षे टिकली, त्यामागेही मर रोगाला तोंड देणे आणि वेळेत पक्व होणे ही दोन कारणे आहेत.

अलीकडे तिसरा प्रश्न आला आहे: कंबाइन हार्वेस्टर. नेहमीचा हरभरा पसरट असतो, खालचे घाटे जमिनीलगत राहतात आणि यंत्राखालून सुटतात. राहुरीचा फुले विक्रम, आंध्रातील नंद्यालचा एनबीईजी ४७ हे उंच, उभट वाण याच गरजेतून आले. तुमच्या भागात कापणी यंत्राने होत असेल तर ‘पहिला घाटा जमिनीपासून किती सेंटिमीटरवर’ हा रकाना नोंदवहीत आत्ताच आखा. नंतर आठवला तर हंगाम गेलेला असतो.

२. जननद्रव्य गोळा करणे

लागवडीतल्या हरभऱ्याचा आनुवंशिक पाया अरुंद आहे. हे पीक स्वपरागित, मूळचे आग्नेय तुर्कस्तानातले. त्याचा रानटी पूर्वज सायसर रेटिक्युलेटम आजही तिथे सापडतो. लागवडीखाली येताना आणि जगभर पसरताना यातली विविधता गळत गेली. भारतात पुढे त्याच त्या मोजक्या पालकांवरून वाण तयार झाले. जुन्या वाणांच्या वंशावळी लावत गेलात तर पीबी ७, आयपी ५८, एफ ८ अशी ठरावीक नावे पुनःपुन्हा भेटतात.

विविधता नाही असे मात्र नाही, ती बियाणे बँकेत आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे इक्रिसॅटकडे हरभऱ्याचे सुमारे २०,००० नमुने आहेत. एवढे कोण पेरणार? म्हणून २००१ मध्ये त्यातल्या सुमारे १७,००० नमुन्यांवरून १,९५६ नमुन्यांचा गाभा संच आणि त्यातूनही २११ नमुन्यांचा लघुगाभा संच निवडला गेला. नवख्याने या लघुगाभ्यातूनच मागणी करावी. मागणी विभागामार्फत जाते, साहित्य हस्तांतरण करारावर सही होते, बियाणे मूठभरच येते. जूनमध्ये अर्ज केला तर पेरणीपर्यंत हाती पडते. सप्टेंबरात केलेला अर्ज पुढच्या वर्षाचा समजा.

संचात काय असावे? तुमच्या भागातले तीन-चार चालू वाण तुलनेसाठी. विद्यापीठाच्या चाचण्यांतले प्रगत वाण. जिल्ह्यातले जुने गावठी नमुने. आणि विशिष्ट कामाचे काही: खोल, दाट मुळांसाठी आयसीसी ४९५८, मर प्रतिकारासाठी डब्ल्यूआर ३१५, आणि मर हमखास लागते म्हणून रोगाच्या तपासणीला जेजी ६२. या शेवटच्याची एका देठावर दोन घाटे येण्याची खूबीही पाहण्यासारखी आहे.

एक सावधगिरी इथेच. देशी आणि काबुली एकत्र पेरून ‘१०० दाण्यांच्या वजनात प्रचंड परिवर्तनशीलता आढळली’ असे लिहिणारे थिसिस कमी नाहीत. १४ ग्रॅमचा देशी आणि ४५ ग्रॅमचा काबुली शेजारी ठेवले तर ती आढळणारच. त्यासाठी प्रयोगाची गरज नव्हती. दोन्ही प्रकार घ्यायचेच असतील तर विश्लेषण वेगळे करा.

३. शेतातली मांडणी

तीस-चाळीस नमुने असतील तर आरबीडी (प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळे नमुने, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने), तीन पुनरावृत्त्या. शंभरावर असतील आणि बियाणे थोडे असेल तर ऑगमेंटेड डिझाइन: तुलनेचे वाण प्रत्येक ब्लॉकमध्ये, बाकीचे नमुने एकदाच. ओळीत ३० सेंटिमीटर आणि रोपात १० सेंटिमीटर अंतर ठेवा. चार मीटरच्या दोन तरी ओळी घ्या. एकच ओळ घेतली तर शेजारचा जोमदार वाण तिची ओल ओढतो आणि तुम्ही वाण नाही, शेजार मोजता.

सगळे बियाणे एकाच हंगामातले असावे. बँकेतून आलेले जुने दाणे आणि गेल्या वर्षीचे ताजे दाणे एकत्र पेरले तर उगवणीतला फरक शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. जमत असेल तर पहिले वर्ष बियाणे वाढवण्यात घालवा. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात हे जड जाते, मान्य आहे, पण विभागात कुणीतरी ते आधी करून ठेवलेले असते. विचारा.

बीजप्रक्रिया सगळ्या नमुन्यांना सारखी: आधी ट्रायकोडर्मा, मग रायझोबियम. पेरणी वाफशावर. आणि शेताचा इतिहास विचारून घ्या. मागच्या वर्षी ज्या कोपऱ्यात मर लागली होती तिथे तुमची दुसरी पुनरावृत्ती पडली तर पुढचे गणित वाया जाते.

४. नोंदी

खरे काम इथे आहे आणि सर्वाधिक घोटाळाही इथेच होतो.

प्रत्येक ओळीतली पाच झाडे फुलोऱ्याच्या आधी, न निवडता, खूण बांधून ठेवा. टोकाची झाडे सोडा. कापणीच्या दिवशी ‘बरी दिसतात’ ती पाच उपटली तर सगळे वाण सारखेच चांगले निघतात, आणि मेलेल्या-मरगळलेल्या झाडांची हकिगत कोष्टकात येत नाही.

५० टक्के फुलोऱ्याचे दिवस हा आकडा ओळीचा असतो, झाडाचा नसतो. त्या काळात शेतात एक दिवसाआड तरी जावे लागते. रविवारी गेला नाहीत आणि सोमवारी अंदाजाने लिहिलेत, तर लवकर येणाऱ्या वाणांमधला दोन-तीन दिवसांचा नेमका फरक त्यात पुसला जातो.

घाटे मोजताना भरलेले आणि पोचट वेगळे मोजा. घाटेअळीने भोक पाडलेले तिसऱ्या रकान्यात. एका वाणाला जास्त घाटे आहेत पण त्यातले निम्मे पोचट, हे समजले तरच पुढे काही ठरवता येते. एका घाट्यातले दाणे बहुतेक वाणांत एक ते दोन यांच्या मध्येच घोटाळतात, तिथे फार वेळ घालवू नका.

जैविक उत्पादन म्हणजे उपटून वाळवलेल्या सबंध झाडाचे वजन. यात एक खाच आहे. हरभरा पक्व होताना पाने गाळतो. ती पाने तुमच्या तराजूत येत नाहीत, म्हणून कापणी निर्देशांक (जैविक उत्पादनातला धान्याचा वाटा) खऱ्यापेक्षा फुगलेला दिसतो. उशिरा उपटलेल्या वाणाचा तर आणखीच. सगळे वाण पक्वतेनंतर सारख्याच दिवसांनी उपटा आणि पद्धत थिसिसमध्ये स्पष्ट लिहा.

१०० दाण्यांचे वजन करण्याआधी सगळे नमुने सारखे वाळवा. झाडाच्या उत्पादनाबरोबर पूर्ण ओळींचे उत्पादनही घ्या. पाच झाडांवरून हेक्टरी क्विंटल काढण्याचा मोह आवरा. झाडे विरळ असली की प्रत्येक झाड फुलून येते आणि आकडा खोटा मोठा होतो.

पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. सकाळी झाडावर आंब (आंबट स्राव) असते, आणि आजीच्या औषधाच्या बाटलीत ती कितीही गुणकारी असली तरी तासभर शेतात हात घातला की कातडी चुरचुरते. लेबलावर शाईने लिहिलेले आंबीत आणि दवात पसरते. शिसपेन्सिल वापरा.

५. गणित, एक उदाहरण घेऊन

सॉफ्टवेअर सगळे काढून देते. तरी एक गुणधर्म हाताने सोडवून पाहा, म्हणजे आकडे कुठून येतात ते कळेल. समजा घाट्यांच्या संख्येचे असे निघाले (आकडे फक्त समजण्यासाठी): सरासरी ४५, वाणांचा माध्य वर्ग २१०, प्रयोगातल्या त्रुटीचा माध्य वर्ग ४८, पुनरावृत्त्या ३.

आनुवंशिक विचरण म्हणजे २१० वजा ४८, भागिले ३, बरोबर ५४. दृश्य विचरण ५४ अधिक ४८, बरोबर १०२. ५४ चे वर्गमूळ ७.३५. त्याला ४५ ने भागून १०० ने गुणले की जीसीव्ही (आनुवंशिक विचरण गुणांक) १६.३ टक्के. १०२ चे वर्गमूळ १०.१, म्हणून पीसीव्ही (दृश्य विचरण गुणांक) २२.४ टक्के. आनुवंशिकता (दृश्य विचरणातला आनुवंशिक वाटा) ५४ भागिले १०२, म्हणजे ५३ टक्के. अपेक्षित आनुवंशिक प्रगती २.०६ गुणिले ०.५३ गुणिले १०.१, साधारण ११ घाटे, सरासरीच्या २४.५ टक्के. यातला २.०६ हा वरचे ५ टक्के निवडण्याचा स्थिरांक आहे.

जीसीव्ही १० च्या खाली कमी, १० ते २० मध्यम, वर जास्त, ही वर्गवारी सगळे वापरतात. आनुवंशिकता ६० टक्क्यांच्या वर गेली तर जास्त. आता गंमत पाहा. वरची ५३ टक्के ही एका प्लॉटच्या पातळीवरची आनुवंशिकता झाली. तीन पुनरावृत्त्यांच्या सरासरीवर काढली तर छेदात ४८ च्या जागी ४८ भागिले ३, म्हणजे १६ येतात, आणि तोच आकडा ७७ टक्के होतो. शेत तेच, झाडे तीच, पण एक थिसिस ‘मध्यम’ म्हणतो आणि दुसरा ‘जास्त’. कुठला हिशेब केला ते सांगितल्याशिवाय दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नका. झाडावरून निवड करायची असेल तर तीन पुनरावृत्त्यांची सरासरी तुमच्या मदतीला येणार नाही, हेही ध्यानात असू द्या.

शिवाय एका ठिकाणी एका हंगामात घेतलेल्या प्रयोगात, वाण आणि हंगाम यांचे आपसातले नाते आनुवंशिक विचरणातच मिसळून जाते. ते वेगळे काढायला दोन ठिकाणे किंवा दोन वर्षे लागतात. म्हणून एका वर्षाच्या मोठमोठ्या टक्केवाऱ्यांवरून कुणी तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवत असेल तर चढू नका. एखाद्या गुणधर्माचे आनुवंशिक विचरण उणे आले तर घाबरू नका. शून्य धरा आणि तसे लिहा.

६. कोष्टकाचा अर्थ

हरभऱ्यात साधारण चित्र असे येते. दाण्याच्या वजनाची आनुवंशिकता जास्त आणि प्रगतीही जास्त, त्यामुळे त्यावर लवकरच्या पिढीतच निवड चालते. फुलोऱ्याच्या दिवसांची आनुवंशिकता जास्त, पण जीसीव्ही मध्यम किंवा कमी. इथे पुष्कळ जण चुकतात. टक्केवारी कमी म्हणून हा गुणधर्म टाकून देऊ नका. सरासरी ५० दिवसांत सहा दिवसांचा फरक टक्क्यांत किरकोळ दिसतो, पण कोरडवाहू शेतात ते सहा दिवस म्हणजे ओल असताना भरलेले घाटे. टक्केवारीला तुमचे शेत माहीत नसते.

सहसंबंधाचे कोष्टक हातात आले की जैविक उत्पादन आणि कापणी निर्देशांक यांचे उत्पादनाशी नाते सर्वांत घट्ट निघते. निघणारच. उत्पादन म्हणजे या दोघांचा गुणाकार. हा निष्कर्ष तुमच्या वाणांबद्दल नवे काही सांगत नाही. त्यापेक्षा घाट्यांची संख्या आणि दाण्याचे वजन यांच्यातले उणे नाते नीट पाहा. घाटे वाढले की दाणा बारीक होतो, असा कल असतो. या कलाच्या विरुद्ध जाणारे, म्हणजे बऱ्यापैकी टपोरा दाणा आणि तरीही भरपूर घाटे असलेले दोन-तीन नमुने संचात असतील तर त्यांच्यावर लाल खूण करा. सरासरीच्या कोष्टकात ते दिसत नाहीत, मूळ नोंदवहीत दिसतात.

७. पालक आणि संकर

गुणधर्मांवरून नमुन्यांतले अंतर मोजणाऱ्या, महालनोबिसांच्या डी-वर्ग पद्धतीने गट पाडले की सगळ्यांत दूरचे दोन गट निवडून संकर सुचवायची रीत आहे. नुसते अंतर पुरत नाही. अगदी दूरचा नमुना तुमच्या भागात १३० दिवस घेणारा, मरीला बळी पडणारा असू शकतो. एक पालक भागातला टिकाऊ वाणच ठेवा. दुसरा असा निवडा ज्याच्याकडे त्या वाणात नसलेली एक ठळक गोष्ट आहे.

संकराचे हातकाम नाजूक आहे. हरभऱ्याचे फूल उमलण्याआधीच आतल्या आत परागण उरकते, म्हणून कळी अजून टोपी घातल्यासारखी मिटलेली असतानाच धरावी लागते. सकाळी, बारीक चिमट्याने पाकळ्या बाजूला करून दहाही पुंकेसर काढायचे, स्त्रीकेसराला धक्का न लावता. लगेच, त्याच वेळी, नराच्या ताज्या अर्धवट उमललेल्या फुलाचे पिवळे पराग लावायचे. रंगीत दोरा बांधायचा. सुरुवातीला दहातल्या आठ-नऊ कळ्या गळतात, त्यात नवल नाही. त्या दिवशी झाडावरची बाकीची फुले खुडून टाकली तर संकरित घाट्याला पोषण मिळते.

एक सोय आठवणीत ठेवा. गुलाबी-जांभळे फूल पांढऱ्यावर प्रभावी असते. पांढऱ्या फुलाची मादी आणि गुलाबी फुलाचा नर घेतला, तर पुढच्या वर्षी पहिल्या पिढीत पांढरे फूल दिसलेले झाड उघड स्वपरागित, ते उपटून टाका. दोघेही गुलाबी असतील तर पानाचा आकार, दोन घाट्यांचा देठ असा दुसरा अप्रभावी गुण मादीत शोधा. कसलीच खूण नसेल तर मार्करने (डीएनएवरच्या खुणेने) तपासा.

देशी आणि काबुली यांच्या संकरातून चांगली विविधता येते, पण मधल्याच आकाराचे, मधल्याच रंगाचे दाणेही निघतात. डाळ मिलवाला आणि छोले विकणारा दोघेही ते नाकारतात. अशा संकरासाठी दाण्याची चाळणी दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपासूनच कडक ठेवावी लागते.

८. पुढच्या पिढ्या

दुसऱ्या पिढीत एकेका झाडाच्या उत्पादनावर निवड करू नका. एका झाडाच्या उत्पादनाची आनुवंशिकता फार कमी असते आणि त्या पिढीत निम्मी जनुकस्थाने अजून मिश्र असतात. तिथे निवडायचे ते फुलोऱ्याचे दिवस, दाणा, झाडाची ठेवण. बाकी सगळे एकत्र पुढे न्या, किंवा प्रत्येक झाडाचा एकेक दाणा घेऊन. पाचव्या पिढीत मिश्रपणा ६.२५ टक्क्यांवर येतो, तिथून ओळींचे उत्पादन तोलण्यात अर्थ आहे.

मरीची परीक्षा मात्र लवकर, रोगट प्लॉटमध्ये (जिथे मर मुद्दाम जोपासलेली असते). दर दोन-चार ओळींनंतर जेजी ६२ पेरतात. तो महिनाभरात कोलमडला तर प्लॉट खरा. तोच उभा राहिला तर त्या वर्षीच्या ‘प्रतिकारक’ नोंदींवर विश्वास ठेवू नका. मोजणी दोनदा करा, कारण काही वाणांत मर उशिरा, फुलोऱ्यानंतर दिसते.

हरभऱ्याला दिवस मोठा मिळाला की तो लवकर फुलतो. या गुणाचा उपयोग करून काचगृहात दिव्यांखाली वर्षात अनेक पिढ्या घेण्याची पद्धत इक्रिसॅटने बसवली आहे. मार्करांचा उपयोगही कागदावर राहिलेला नाही. आयसीसी ४९५८ मधला मुळांशी आणि दुष्काळसहनशीलतेशी निगडित भाग पुसा ३७२ मध्ये आणून पुसा चिकपी १०२१६ तयार झाला, आणि डब्ल्यूआर ३१५ ची मर प्रतिकारशक्ती अन्नीगेरी १ मध्ये आणून सुपर अन्नीगेरी १. दोन्ही २०१९ मधले. तुमच्या विभागात मार्करची सोय नसेल तर अडून बसू नका. रोगट प्लॉट आणि नीट ठेवलेली नोंदवही यांच्यावर आपल्याकडचे बहुतेक वाण उभे राहिले आहेत.

स्थिर झालेल्या ओळी विद्यापीठाच्या चाचण्यांतून अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाच्या प्राथमिक आणि मग प्रगत चाचण्यांत जातात. संकरापासून तिथपर्यंत आठ-दहा वर्षे सहज लागतात. तुम्ही तोवर दुसरीकडे नोकरीला लागलेले असाल. म्हणून विभाग सोडण्याआधी प्रत्येक नमुन्याचे राखीव बियाणे नीट वाळवून, भुंगेऱ्यांपासून जपून, दोन लेबले लावून ठेवा. एक पाकिटावर, एक आत. वंशावळीच्या वहीची एक प्रत गाइडकडे द्या, आणि तिच्यात टोपणनावे न लिहिता पूर्ण क्रमांक लिहा.